शर्यत आणि शेजारी
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)





ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिला, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. मागील पिढ्यांनीं काय बांधिलें, काय सोसिलें आणि आपल्या हातीं काय ठेविलें, याचा हिशोब आज इतर वक्ते आपणांपुढें मांडितीलच. आम्हीं मात्र समुद्रावरील एका शर्यतीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या वाडवडिलांनीं दर्याच्या भरंवशावर संसार केले, त्यांस ती ऐकावयास परकी वाटणार नाहीं. आणि ज्युबिली या शब्दाचा जो मूळ अर्थ, त्याकडेच ती शेवटीं आपणांस घेऊन जाईल, अशी आमची समजूत आहे.

इ. स. १९८८ सालीं दक्षिण कोरियांतील सेऊल शहरीं ऑलिंपिक सामने भरले. शिडाच्या होड्यांच्या शर्यती मात्र त्या देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील पुसान बंदरापाशीं ठेविल्या होत्या. त्यांतील बहुतेक होड्या लहान. आमच्या कथेंत दोन प्रकारच्या होड्या येतात. पहिली 'फिन'. ही एका माणसाची होडी. लांबी साडेचार मीटर, एक डोलकाठी व एकच शीड. स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यानें १९४९ सालीं तिचा आराखडा केला, आणि १९५२ सालच्या हेलसिंकी सामन्यांपासून २०२१ सालीं झालेल्या टोकियोच्या सामन्यांपर्यंत ती ऑलिंपिकमध्यें होती. दुसरी 'चारशें सत्तर'. हिची लांबी ४७० सेंटीमीटर, त्यावरूनच हें नांव पडलें. हींत दोघे खलाशी असतात. पुसान येथें या दुसऱ्या प्रकारांत आपल्या देशाचीही होडी उतरली होती. १९८२ सालीं मुंबईच्या समुद्रांत आशियाई सामन्यांचें सुवर्णपदक मिळविणारे फारोख तारापोर हे तिच्यावर होते.

या होड्यांना इंजिन नसतें, आणि त्यांस सरळ राखावयास तळाशीं वजनही भरलेलें नसतें. वारा शिडांत भरला कीं होडी एका कुशीवर पडूं पाहते. तेव्हां खलाशी दुसऱ्या कांठावर बसतो, पाय पट्ट्याखालीं अडकवितो आणि आपलें अंग पाण्याच्या बाजूस बाहेर झोंकून देतो. त्याच्या देहाचें वजन हाच होडीचा तोल. क्षणभर तो ढिला पडला तर होडी उलटते. एका हातीं सुकाणूची दांडी, दुसऱ्या हातीं शिडाची दोरी, आणि तोंडावर खाऱ्या पाण्याचे तडाखे, अशा स्थितींत त्यास वारा कोठून वळतो आणि पुढचा बोया कोठें आहे, हें सारखें पाहावें लागतें.

दिनांक २४ सप्टेंबर १९८८ रोजीं फिन होड्यांची सात शर्यतींपैकीं पांचवी शर्यत चालू होती. आरंभीं वारा सुमारें १५ नॉटांचा, म्हणजे तासाला २८ किलोमीटरांच्या आसपास होता. पुढें तो ३५ नॉटांपर्यंत, म्हणजे तासाला जवळजवळ ६५ किलोमीटरांपर्यंत चढला. वाऱ्यानें एकीकडून रेटावें आणि प्रवाहानें दुसरीकडून अडवावें, असें झालें कीं लाट उंच होते आणि भिंतीसारखी उभी राहते, हें दर्यावर जाणारांस आम्हीं सांगावयास नको. लाटा एवढ्या वाढल्या कीं शर्यतीच्या खुणेचे नारिंगी बोये त्यांच्याआड दिसेनासे झाले.

या शर्यतींत कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू नांवाचा खलाशी होता. हा एडमंटन शहरचा. म्हणजे समुद्रापासून शेंकडों मैल आंत वाढलेला. लाटांमुळें एक बोया त्याच्या नजरेंतून निसटला आणि त्यास परत फिरून तो ओलांडावा लागला. तरीही तो दुसऱ्या स्थानीं होता. ऑलिंपिकचें पदक हें खलाशाच्या आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां हातापाशीं येतें; त्यासाठीं किती वर्षांची तपश्चर्या लागते, हें तोच जाणे.

त्याच वेळीं शेजारच्या दुसऱ्या आखणीवर 'चारशें सत्तर' होड्यांची शर्यत चालली होती. तींतील सिंगापूरची होडी उलटली. जोसेफ चॅन आणि शॉ हर स्यू हे तिचे खलाशी पाण्यांत पडले. एक जण उलट्या होडीस धरून राहिला. दुसरा प्रवाहाबरोबर होडीपासून दूर वाहूं लागला. दोघांसही मार लागला होता. लेम्यूच्या दृष्टीस ते पडले. त्यानें आपली वाट सोडिली आणि होडी त्यांच्याकडे वळविली.

बंधुभगिनींनो, हें वाक्य बोलावयास सोपें आहे. परंतु तशा वाऱ्यांत एका माणसाच्या होडीनें बुडत्या माणसाजवळ जाऊन थांबणें म्हणजे काय, याचा विचार करा. थांबण्यासाठीं शीड मोकळें सोडावें लागतें. मोकळें शीड वाऱ्यावर आपटतें, आणि त्याच्या तळाची आडवी काठी डोक्यावर बसली तर मदतीस आलेलाच गारद व्हावयाचा. भिजल्या कपड्यांचा जड माणूस एका बाजूनें आंत ओढावयाचा, आणि दुसऱ्या बाजूस तोल राखावयास कोणी नाहीं. होडींत पाणी चढत असतें तें वेगळेंच. केवळ दया असती तर त्या दिवशीं दोहोंऐवजीं तिघे पाण्यांत सांपडले असते. दयेच्या जोडीस हातीं कसब होतें, म्हणून ती कामीं आली. जो आपलें काम नीट शिकतो, तो न कळत शेजाऱ्याच्याही उपयोगाची तयारी करीत असतो, हा बोध आमच्या तरुणांनीं येथून घ्यावा.

लेम्यूनें वाहून चाललेल्या माणसास आधीं आपल्या होडींत घेतलें, मग दुसऱ्याकडे गेला. कोरियाच्या आरमाराची गस्तीची नौका येऊन तिनें त्या दोघांस ताब्यांत घेईपर्यंत तो तेथेंच राहिला. नंतर त्यानें पुनः शीड भरलें व शर्यत पुरी केली. आतां त्याचा क्रमांक होता बाविसावा.

या क्रमांकाची किंमत समजून घ्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणें पहिल्या होडीस शून्य अंक, दुसरीस ३ आणि बाविसावीस २८ अंक पडत. आणि ज्याचे अंक कमी तो वरचढ ठरे. सातांपैकीं सर्वांत वाईट एक शर्यत सोडून उरलेल्या सहांची बेरीज होई. म्हणजे ३ अंक हातचे सोडून त्यानें २८ पदरीं घेतले, तेही कोणी न सांगतां.

पुढें लोकांनीं त्यास विचारिलें, तेव्हां त्याच्या उत्तराचा भाव एवढाच होता कीं, होडीवर जाणाराचा पहिला नियम संकटांतील माणसास हात देण्याचा आहे. हें त्याचें विनयाचें बोलणें नव्हतें. नियम खरोखरच तसा आहे. शर्यतींच्या आजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलींतही अगदीं आरंभींच्या नियमाप्रमाणें, संकटांत सांपडलेल्या माणसास किंवा होडीस शक्य तेवढें साहाय्य देणें प्रत्येकास बंधनकारक आहे. कोणी कोणाच्या पुढें जावें आणि कोणी कोणास वाट द्यावी, हें सारें त्यानंतर येतें. ज्यांनीं हे नियम रचिले, त्यांनीं जाणलें कीं शर्यत शेजाऱ्यांमध्येंच होऊं शकते. जेथें बुडत्यास सोडून जाण्याची मुभा आहे, तेथें उरते ती नुसती पळापळ.

प्रभूनें सांगितलेला चांगल्या शमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जखमी माणसास पाहून जे दोघे बाजूनें निघून गेले, ते दुष्टच होते असें प्रभु म्हणत नाहीं. कदाचित् त्यांसही कोठें तरी वेळेवर पोंचावयाचें असेल. शमरोनी थांबला, त्याचा वेळ गेला, तेल व द्राक्षारस गेला, आणि धर्मशाळेच्या रखवालदारास द्यावयाचे पैसेही गेले. शेजारधर्माला नेहमींच खर्च पडतो.

येथवरची गोष्ट थांबणाऱ्या माणसाची झाली. परंतु तिचा उत्तरार्ध किनाऱ्यावरील माणसांविषयीं आहे, आणि आमच्या मतें आज आपणांस तोच अधिक लागू आहे.

त्या शर्यतीचे आंतरराष्ट्रीय पंच एकत्र बसले. त्यांच्यापुढील कागदावर बाविसावा क्रमांक होता. तो खोटा नव्हता. एकवीस होड्या त्याच्या आधीं खरोखरच पोंचल्या होत्या. पण पंचांनीं विचारिलें, हा मागें कां पडला? आणि एकमतानें निर्णय दिला कीं, मदतीस वळला त्या क्षणीं जें दुसरें स्थान त्याचें होतें, तेंच त्यास मिळावें. परोपकारासाठीं मागें पडणाऱ्याची अशी भरपाई करावी, ही तरतूद या खेळाच्या नियमांतच आहे.

म्हणून त्यास पदक मिळालें असें मात्र समजूं नका. शेवटच्या हिशोबांत स्पेनच्या होसे लुईस दोरेस्ते यास सुवर्ण, व्हर्जिन बेटांच्या पीटर होल्मबर्ग यास रौप्य आणि न्यूझीलंडच्या जॉन कटलर यास कांस्य पदक मिळालें. लेम्यू अकरावा आला. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांनीं पियेर द कुबेर्तँ यांच्या नांवाचें पदक देऊन त्याचा गौरव केला. सत्कृत्याचें फळ सोन्यांतच मिळतें, असें ही कथा शिकवीत नाहीं. जें दुसऱ्यासाठीं सोडिलें, तें सोडणाऱ्यास परत देणें हें पाहणारांचें कर्तव्य आहे, एवढें ती शिकविते.

आतां ज्युबिलीचा अर्थ आठवा. जुन्या करारांतील मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें ज्युबिलीचें पन्नासावें वर्ष हें परत देण्याचें वर्ष होतें. ज्याची जमीन गेली त्यास ती परत मिळावी, जो दास झाला त्यानें आपल्या घरीं परत जावें. तें वर्ष आपण केवळ मिरवणुकींनीं आणि रोषणाईनें कसें साजरें करणार?

आपल्या धर्मग्रामांत बाविसाव्या क्रमांकाची माणसें कांहीं थोडीं नाहींत. धाकट्या भावंडांची फी भरावयास शाळा सोडून कामास लागलेला थोरला भाऊ. अंथरुणास खिळलेल्या आईबापांची सेवा करितां करितां जिचें लग्न राहून गेलें ती बहीण. हरवलेल्या होडीच्या शोधास जाळीं किनाऱ्यावर टाकून निघालेला आणि त्या दिवसाच्या मासळीस मुकलेला तांडेल. शेजाऱ्याच्या कर्जास जामीन राहून स्वतः बुडालेला गृहस्थ. निकालाच्या कागदावर यांचे क्रमांक खालचे आहेत. आपण ते वाचितों, आणि पुष्कळदां त्यांस मागें राहिलेले म्हणून बाजूस सारितों. जे पुढें गेले त्यांचे सत्कार आज होतील. होवोत, आम्हांस आनंदच आहे. परंतु त्यांपैकीं किती जण कोणाच्या थांबण्यामुळें पुढें गेले?

म्हणून आमची नम्र विनंति अशी. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरांत व आपल्या वाडींत असा एक मनुष्य शोधावा, आणि जें त्याचें गेलें त्यांतील शक्य तें परत द्यावें. ज्या भावानें शाळा सोडिली, त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा भार शिकलेल्या भावंडांनीं उचलावा. ज्या बहिणीनें आईबापांस सांभाळिलें, तिच्या म्हातारपणीं तिच्या डोक्यावर छप्पर आहे कीं नाहीं, हें घराच्या वांटण्या होण्यापूर्वीं पाहावें. जो तांडेल शोधास गेला, त्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटावी, इतकी तजवीज वाडीनें करावी. हें दान नव्हे. पंचांनीं दिला तसा हा न्याय आहे. आणि जेथें कांहींच परत देतां येत नाहीं, तेथें निदान सर्वांसमक्ष त्याचें खरें स्थान त्यास द्यावें.

कोणी मागून पोंचलेला दिसला तर त्याच्या क्रमांकास हंसूं नका. त्यास विचारा, बाबा, वाटेंत कोणासाठीं थांबला होतास? त्याचें उत्तर ऐकावयास आपणांस सवड असावी, आणि तें ऐकून न्याय करण्याचें धैर्य असावें, एवढें मागणें परमेश्वरापाशीं मागून आम्ही आपली रजा घेतों. गालीलच्या सरोवरांत ज्यानें वाऱ्यास व लाटांस दटाविलें, तो प्रभु आपल्या साऱ्या होड्या सुखरूप किनाऱ्यास लावो. आमेन.