एका फळीचं टेबल

कोडचं नको, सुतारकामाचं सांगते. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, प्लाय जवळपास नाही. म्हणून प्लायवर चिकटवायचा साग 2 ते 3 मिलिमीटरच ठेवायचा. जाड पट्टी प्लायला जुमानत नाही, तडकते. आजोळच्या पाडलेल्या वाड्यातली सागाची एकच फळी माझ्या वाट्याला आली होती. तशीच वापरली असती तर फार तर बाक झाला असता. पातळ चिरल्यावर सहा जणांचं जेवणाचं टेबल झालं. त्यातही निम्म्या पट्ट्या खालच्या बाजूला गेल्या. भाऊ कुरकुरला, "तिथे कोण बघतंय?" पण एकाच बाजूला लावलं की प्लाय वाकतो. दोन्हीकडे फेविकॉल सारखा पसरला, वर-खाली जाड फळ्या ठेवून रात्रभर शिकंज्यांत आवळलं. खिळ्यांची जुनी भोकं मात्र मी वरच घेतली.