१८२ दिवसांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘आम्ही एनआरआय आहोत’ हे वाक्य आपण लग्नाच्या बोलणीपासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ साधा असतो. मी परदेशात राहतो, एवढाच. करसल्लागार म्हणून माझ्याकडे येणारी बरीच मंडळी याच वाक्याने सुरुवात करतात. मग मी त्यांना एकच प्रश्न विचारतो. ‘गेल्या १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत तुम्ही भारतात किती दिवस होता?’ याचे नेमके उत्तर फार थोड्यांकडे तयार असते.

आणि प्राप्तिकराच्या कायद्याला तर फक्त तेवढेच हवे असते. तुमचा व्हिसा कुठला, घर कुठे, मन कुठे रमते, हे तो सहसा विचारत नाही. तो दिवस मोजतो. दरवर्षी नव्याने मोजतो. म्हणजे यंदा अनिवासी असलेला माणूस पुढच्या वर्षी निवासी ठरू शकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. निवासी ठरला की त्याचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र होते. अनिवासी असला तर फक्त भारतातले. फरक एवढा मोठा आहे.

मूळ नियम असा. एका आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस राहिलात, तर तुम्ही निवासी. हा अनेकांना ठाऊक असतो. दुसरा नियम मात्र लोक विसरतात. वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलात, तरीही निवासीच. या ६० दिवसांच्या नियमातून काही जणांना सवलत आहे. भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडून निघाला, तर त्या वर्षापुरते ६० च्या जागी १८२ धरतात. २०११ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्वतःच्या व्यवसायासाठी जाणाऱ्यालाही हीच सवलत दिली.

आता यातली गंमत बघा. पुण्यातली एक अभियंता मुलगी दुबईच्या नोकरीसाठी २८ सप्टेंबरला विमानात बसली आणि मार्चअखेरपर्यंत परत आली नाही, तर तिचे भारतातले दिवस १८१ भरतात. ती अनिवासी. तिच्याच कंपनीत निघालेला दुसरा मुलगा घरी दोन दिवस अधिक राहिला आणि ३० सप्टेंबरला निघाला. त्याचे दिवस १८३. तो निवासी. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे वजावट घ्यायला तिथे भरलेला करही नाही. उरलेल्या सहा महिन्यांचा त्याचा सगळा पगार भारतात करपात्र झाला. तिकिटाची तारीख ठरवताना ही गोष्ट त्याला कोणी सांगितली असती, तर घरचे दोन दिवस त्याने आधी घेतले असते.

आणि नोकरी सोडून वर्षभर जग बघायला निघालेल्या माणसाचे काय? अलीकडे असे तरुण पुष्कळ भेटतात. लॅपटॉप बरोबर असतो, चार महिने थायलंड, तीन महिने जॉर्जिया, मग पोर्तुगाल. त्यांची समजूत अशी की देश सोडला म्हणजे कर सुटला. पण भटकंती म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नोकरी नव्हे. त्यांना ६० दिवसांचाच नियम लागू. १ एप्रिलनंतर दोन महिने घरी काढून १ जूनला निघालेला माणूस ६२ दिवस भारतात होता. आधीची चार वर्षे तो इथेच असल्याने ३६५ चा आकडा कधीच ओलांडलेला. म्हणजे उरलेले दहा महिने तो जगात कुठेही असो, त्या वर्षी तो भारताचाच करदाता. यजमान देशाने राहण्याचा परवाना दिला, म्हणून हे बदलत नाही. परवाना राहण्याची मुभा देतो. कर कुठे भरायचा, हे तो ठरवत नाही.

२०२० च्या अर्थसंकल्पाने या हिशेबात आणखी दोन कलमे घातली. त्याआधी परदेशात स्थायिक झालेला भारतीय भेटीसाठी आला, तर १८१ दिवसांपर्यंत निर्धास्त राहू शकत असे. आता त्याचे भारतातले उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांची झाली. अर्थात आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरलेले असतील तरच. दुसरे कलम कुठल्याच देशाचे करदाते नसलेल्यांसाठी आहे. भारतीय नागरिकाचे इथले उत्पन्न १५ लाखांवर आहे आणि निवासी म्हणून तो दुसऱ्या कुठल्याही देशात कराला पात्र नाही, तर भारतात एकही दिवस न राहता तो निवासी मानला जातो. अर्थसंकल्पानंतर आखातातल्या कामगारांत मोठी घबराट पसरली होती. दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारी २०२० ला, सरकारला खुलासा करावा लागला की तिथे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्या पगारावर कर लावण्याचा हेतू नाही. १५ लाखांची अट नंतर कायदा मंजूर होताना आली.

या दोन कलमांचा धसका अनेकांनी गरजेपेक्षा जास्त घेतला आहे. दरवर्षी मला एका ठरावीक प्रकारचे फोन येतात. आई किंवा वडील इथे आजारी असतात. मुलगा मस्कतहून किंवा सिंगापूरहून आलेला असतो. दवाखान्याच्या व्हरांड्यातून तो विचारतो, ‘माझे ११२ दिवस झालेत. आठ दिवसांत निघायला हवे ना?’ इकडे आईला घरी न्यायचे असते, आणि हा कॅलेंडरकडे बघत असतो.

अशा वेळी मी आधी विचारतो, ‘भारतातले उत्पन्न किती?’ बहुतेकदा फ्लॅटचे भाडे आणि थोडे व्याज. १५ लाखांच्या खूप खाली. मग १२० चा प्रश्नच येत नाही, तो १८१ दिवस थांबू शकतो. समजा त्याच वर्षी वडिलोपार्जित जमीन विकली आणि त्या नफ्यामुळे उत्पन्न १५ लाखांवर गेले. तरीही १२० दिवस ओलांडल्यावर तो पूर्ण निवासी होत नाही. कायद्यात मधली एक पायरी आहे, ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’. नाव अवघड आहे, अर्थ सोपा. या पायरीवरच्या माणसाच्या परदेशी पगाराला भारत हात लावत नाही. वर कुठल्याही देशाचे करदाते नसलेल्यांचे जे कलम सांगितले, त्यांनाही हीच पायरी मिळते.

आणि १८२ दिवसही ओलांडले तर? मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तो अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत त्याचे भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, तर तेव्हाही तो याच मधल्या पायरीवर राहतो. बारा-पंधरा वर्षे बाहेर असलेल्या माणसाला सहसा ही पायरी मिळते. कायमचे परत येणाऱ्यांनाही पहिली दोन-तीन वर्षे तिचा आधार असतो. एकच सावधगिरी बाळगावी. आईच्या उशाशी बसून तो इथूनच लॅपटॉपवर परदेशी कंपनीचे काम करत असेल, तर त्या दिवसांचा पगार भारतात केलेल्या कामाचा ठरतो. पैसे कुठल्या खात्यात जमा झाले, याला महत्त्व नाही. काम कुठे बसून केले, याला आहे.

दिवस आपल्या हातात नसतात, हे २०२० ने सगळ्यांना दाखवले. मार्चमध्ये विमाने थांबली आणि सुट्टीवर आलेली हजारो माणसे इथे अडकली. तेव्हा प्रत्यक्ष कर मंडळाने ८ मे २०२० च्या परिपत्रकाने २२ ते ३१ मार्च हे अडकलेले दिवस त्या वर्षाच्या मोजणीतून वगळले. पुढच्या वर्षी मात्र सरसकट सूट मिळाली नाही. दोन्हीकडे कर बसत असेल त्यांनी अर्ज करावा, एवढेच ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकात होते. म्हणून दिवसांची कड गाठू नये. आल्याचा आणि गेल्याचा, असे दोन्ही दिवस मोजायचे की नाही, यावरही निकाल वेगवेगळे आहेत. दोन्ही धरावेत आणि वर पाच-सात दिवस हातचे ठेवावेत.

आपल्या कोकणातल्या खलाशांसाठी मोजणीची वेगळी रीत आहे. भारतातून परदेशी जाणाऱ्या जहाजावर ते असतील, तर त्यांच्या सीडीसीवर जहाजात रुजू झाल्याची आणि उतरल्याची जी तारीख असते, त्यामधले दिवस भारताबाहेरचे धरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये हा नियम स्पष्ट झाला. जहाज मधले काही दिवस भारतीय समुद्रात होते की नाही, हा वाद त्यामुळे मिटला. सीडीसीच्या पानांच्या प्रती मात्र घरी ठेवायलाच हव्यात.

आता उलट दिशेचा प्रवास. मुलगा-सून अमेरिकेत, आणि आई-वडील दरवर्षी पाच-सहा महिने तिकडे. नातवंडांना सांभाळायचे, थंडी पडली की परतायचे. त्यांना वाटते, आपला कराशी काय संबंध? पण अमेरिकाही दिवस मोजते, आणि ती तीन वर्षांचे एकत्र मोजते. जानेवारी ते डिसेंबर या चालू वर्षाचे सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस तिथे असलात, तर अमेरिकेच्या कायद्याने तुम्ही तिथले करनिवासी. सलग दुसऱ्या वर्षी १८० दिवस राहणाऱ्या आजोबांची बेरीज १८० अधिक ६०, म्हणजे २४० होते. इथले पेन्शन आणि ठेवींचे व्याज तिथे दाखवण्याचा प्रश्न उभा राहतो. घाबरण्याचे कारण नाही. त्या एका वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिला असाल, आणि तुमचे घर-संसार भारतात असेल, तर ८८४० क्रमांकाचा फॉर्म भरून आपण परदेशीच आहोत असे सांगता येते. पण तो वेळेवर भरावा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही वाट नाही. त्यांचे जगभरचे उत्पन्न अमेरिका मोजते, मग ते राहोत कुठेही.

दोन्ही देश एकाच माणसाला निवासी म्हणू लागले, तर दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार कामी येतात. ते क्रमाने विचारतात, कायमचे घर कुठे? कुटुंब आणि आर्थिक हितसंबंध कुठे? सवयीने राहणे कुठे? आणि शेवटी, नागरिकत्व कुठले? घर आणि मन कुठे आहे, हा प्रश्न कायदा इथे प्रथम विचारतो. करारातली सवलत मागायची तर त्या देशाचे करनिवासी असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते वर्ष सरण्याआधीच मिळवण्याची खटपट सुरू करावी.

एक गल्लत टाळायला हवी. बँकेचा ‘एनआरआय’ आणि प्राप्तिकराचा ‘अनिवासी’ एकच नव्हेत. बँक १९९९ चा फेमा कायदा बघते. नोकरीसाठी देश सोडलात की त्या दिवसापासूनच तुम्ही तिच्या लेखी अनिवासी. साधे बचत खाते तेव्हाच एनआरओ करून घ्यायचे. कायमचे परतलात की एनआरई खातेही बदलायचे, कारण त्यावरच्या व्याजाची करमाफी या दर्जावरच अवलंबून आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्याने भाषा सोपी केली, ‘कर वर्ष’ असा नवा शब्द आणला, पण दिवस मोजण्याची चौकट जवळपास तशीच ठेवली.

तेव्हा श्रोतेहो, एक साधी वही करा. गेल्याची तारीख, आल्याची तारीख, देश आणि कारण. पासपोर्टच्या शिक्क्यांवर विसंबू नका. सिंगापूर, हाँगकाँगसारख्या ठिकाणी आता शिक्का मारतच नाहीत. बोर्डिंग पासचे फोटो काढून ठेवा. जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, कारण मागच्या दहा वर्षांचे दिवस लागू शकतात. आणि परतीचे तिकीट काढण्याआधी ही वही एकदा उघडा.

हिशेब हाताशी असला, की आजारी आईजवळ आणखी चार दिवस थांबायचे की नाही, हे कॅलेंडरच्या भीतीने ठरवावे लागत नाही.