गार जागा शोधून झोपणारा डॉरमाउस

आजचा पाहुणा म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने झोपून काढणारा एक प्राणी, डॉरमाउस. 'ॲलिस इन वंडरलँड' वाचलं असेल, तर चहाच्या टेबलावर डुलक्या घेणारा आणि शेवटी किटलीत कोंबला जाणारा तो हाच. पुस्तक १८६५ चं, पण 'आळशी' हा शिक्का अजून पुसलेला नाही. आज तोच जरा तपासून बघू.

आधी ओळख. मराठीत याला नाव नाही, कारण तो आपल्याकडचा नाहीच. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात 'मलबार काटेरी डॉरमाउस' आहे खरा, पण नावावर जाऊ नका, त्याचं कुळ वेगळं आहे. आपण बोलतोय ब्रिटनमधल्या हेझल डॉरमाउसबद्दल. सोनेरी अंग, काळे टपोरे डोळे आणि उंदरासारखी उघडी नव्हे, तर केसाळ शेपटी. उन्हाळ्यात वजन १५ ते २० ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढं.

हा रात्री बाहेर पडतो आणि जागेपणीचा बहुतेक वेळ झाडाझुडपांतच असतो. फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही. खाणं ऋतूप्रमाणे बदलतं: वसंतात फुलं आणि परागकण, उन्हाळ्यात अळ्या-मावा, मग बोरासारखी छोटी फळं आणि शेवटी हेझलनट. पानं खाऊन भागत नाही, कारण पाला पचवायला लागणारा आतड्याचा भाग, अंधांत्र, त्याला नसतो. म्हणून जंगलात एकापाठोपाठ एक काहीतरी फुलत-फळत राहावं लागतं. मधली एक कडी तुटली की उपासमार.

हेझलनट फोडायची पद्धतही बघण्यासारखी आहे. खार कवचाचे सरळ दोन तुकडे करते. हा मात्र गोल भोक पाडतो, आतली कड एकदम गुळगुळीत. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांना अशी कवचं शोधायला सांगितलं होतं, आणि त्यावरून हा कुठे कुठे राहतो ते कळलं. प्राणी दिसला नाही तरी चालेल, त्याचं उष्टं पुरे!

आता झोप. शरद ऋतूत भरपूर खाऊन त्याचं वजन ३० ग्रॅमच्या पुढेही जातं. मग तो झाडावरून खाली येतो आणि जमिनीवर, पालापाचोळ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी घट्ट विणलेल्या घरट्यात गोळा होऊन झोपतो. आपल्याला वाटेल, थंडीत कोणीही उबदार जागा शोधेल ना? हा उलट करतो. त्याला गार, दमट आणि तापमान फार वरखाली न होणारी जागा हवी असते. शरीर आजूबाजूइतकंच गार पडतं, हृदयाचे ठोके आणि श्वास अगदी मंदावतात, चरबी थेंबाथेंबाने खर्च होते. म्हणजे हा आळस नाही, काटकसर आहे. उन्हाळ्यातही गारठा पडला, खायला कमी मिळालं, की तो काही तासांसाठी असाच शरीर गार करून पडून राहतो.

पण या हिशोबाला थंडी लागते. हिवाळा उबदार झाला की झोप मोडते, आणि प्रत्येक जाग येण्याला चरबी जळते. बाहेर फुलं नाहीत, किडे नाहीत. साठा संपला की वसंत उजाडेपर्यंत तग धरणं अवघड. म्हणजे ज्या उबेने आपल्याला बरं वाटतं, तीच त्याच्या जिवावर उठते.

त्यात राहती जागाही तुटत चालली आहे. शेतांच्या कडेची झुडपांची कुंपणं गेली. हेझलची झाडं आळीपाळीने बुंध्यापाशी छाटून नवे धुमारे फुटू द्यायची जुनी पद्धत मागे पडली, त्यामुळे वर दाट सावली आणि खाली झुडूप नाही. पिल्लं वर्षाला साधारण एकदाच, चार-पाच. उंदरासारखी भराभर संख्या वाढत नाही. २०२३ च्या अहवालानुसार २००० सालापासून ब्रिटनमधली त्यांची संख्या ७० टक्क्यांनी घटली.

उपायही चालू आहेत. पिंजऱ्यात वाढवलेले डॉरमाउस जंगलात सोडतात, रस्त्यांवरून पूल बांधतात, आणि स्वयंसेवक लाकडी पेट्या तपासून नोंदी ठेवतात. पण सगळ्यात मोठं काम तेच जुनं आहे: छाटणी करा, कुंपणं सलग ठेवा, पाचोळा पडू द्या.

तेव्हा कुणाला झोपाळू म्हणण्याआधी बघा, तो नक्की काय वाचवतोय. भेटूया पुढच्या भागात.