आनुवंशशास्त्रज्ञ काय करतो?



महाड-पोलादपूरच्या माणसाला आनुवंशशास्त्राचा पहिला धडा शिकवावा लागत नाही. हापूसची कोय लावली तरी झाड हापूसच निघेल याची खात्री नसते, म्हणून आपण कलम बांधतो. कोयीत आईच्या झाडाचा आणि बापाच्या झाडाचा, दोघांचाही वाटा असतो. हा वाटा पुढच्या पिढीत कसा उतरतो, याचा हिशेब मांडणारा तो आनुवंशशास्त्रज्ञ. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आंबा दिला. त्यात साका होत नाही. ही याच हिशेबाची करामत.

माणसाच्या बाबतीतही नियम तेच. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक रक्त आढळले. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचे वाटे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. जगभर त्याला आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो, आणि अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. असे का होते? एक सदोष जनुक आईकडून आणि तसेच एक वडिलांकडून आले, तरच हा गट होतो. एकाकडूनच आले तर ते लपून राहते.

हे लपून राहणेच पालकांनी समजून घ्यावे. थॅलेसेमिया नावाचा रक्ताचा आजार असाच उतरतो. एकच सदोष जनुक असलेला माणूस धडधाकट असतो. रक्त थोडे कमी भरते, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. पण असे दोघे जोडीदार झाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी की मूल गंभीर आजारी असेल. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही ठणठणीत होतील, असे मात्र नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

आपल्याकडे चुलत, मामे, आतेभावंडांत लग्ने होतात. नाती सांभाळण्याचा तो जुना रिवाज आहे, त्यावर मी टीका करीत नाही. पण सख्ख्या चुलत भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, म्हणून तेच लपलेले जनुक दोघांतही असण्याचा संभव वाढतो. तेव्हा स्थळ पक्के करण्यापूर्वी दोघांच्या हिमोग्लोबिनची खास तपासणी करून घ्या. नात्याबाहेरच्या स्थळासाठीही ती हवीच.

आणखी एक विनंती. आजारी मूल झाले की बोल सुनेला लागतो. या आजारात दोघांचा वाटा सारखाच असतो, आणि कोणीही तो जाणूनबुजून दिलेला नसतो. मुलगा की मुलगी, हे तर वडिलांकडच्या गुणसूत्रावर ठरते. शास्त्र दोष देत नाही, वाट दाखवते. आनुवंशशास्त्रज्ञ घराण्याचा वंशवृक्ष काढतो, रक्त तपासतो, शक्यता समजावून सांगतो. निर्णय मात्र कुटुंबाचाच.

विद्यार्थी मित्रांनो, बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र ठेवा. पुढे बी.एस्सी., एम.एस्सी. करून किंवा वैद्यकीय शिक्षण घेऊन या विषयात जाता येते. मुंबईत परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात, रक्ताच्या अशा आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. महाडहून एस.टी.ने एका दिवसात पोहोचता येईल इतक्या अंतरावर ती आहे. तिथे आपल्या गावची मुलगी पांढरा कोट घालून काम करताना दिसावी, हीच माझी इच्छा. पालकहो, तिची फी भरताना हात आखडता घेऊ नका.