मांडवीचा धक्का आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. परंतु विषय आपल्या पणजीच्या मांडवीचा, म्हणून उभी राहिले.

पाणी ओलांडण्याची सोय बदलली की नदीकाठ बदलतो, असे मला दिसते. पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली पणजीहून रायबंदरला जाणारा लांबलचक दगडी पूल बांधला, तेव्हा खाजणातल्या भरती-ओहोटीला जाण्यायेण्यास कमानी ठेवल्या. पलीकडे बेतीला मात्र होडी नाहीतर फेरीबोट. मुंबईची आगबोटही पणजीच्या धक्क्याला लागे. त्यामुळे धक्का म्हणजे गावाचे दारच होते. सासूबाई सांगत, सोयरीक जमल्याची बातमीसुद्धा आधी धक्क्यावर कळे आणि मग घरी!

मुक्तीनंतर मांडवीवर पूल झाला. त्याचे सुख मी नाकारीत नाही. बाळंतीण अडली तर पूलच हवा. पण ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसात, तो पूल कोसळला. मी तेव्हा सात वर्षांची होते, माझे माहेर बेतीचे. धक्क्यावर आईचा पदर धरून आम्ही उभ्या. पुढे मासळीच्या टोपल्या, मागे कचेरीचे बाबू, सगळ्यांचे डोळे येणाऱ्या बोटीकडे. जिला लोक जुनी म्हणत होते, त्या फेरीबोटीनेच त्या दिवसांत माणसे पार केली.

पुढे एकास एक लागून दोन पूल झाले. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली. २०१९ च्या जानेवारीत तिसरा, अटल सेतू, खुला झाला. आता म्हापशाकडची गाडी शहरात न शिरता वरच्यावर फोंड्याकडे वळते. त्या सेतूवर दुचाकीला मज्जाव, मग पायी चालणारीचे काय बोलावे!

आणि खाली नदीत काय आहे? जुगाराची जहाजे नांगरलेली. संध्याकाळी त्यांच्या दिव्यांनी डोळे दिपतात, काठच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. यावर कोणाचे पोट चालते, हे मला ठाऊक आहे; आपल्याच शेजारची मुले तिथे नोकरीला आहेत. तरी जो काठ पूर्वी येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांचा होता, तिथे आज पैसेवाल्या पाहुण्याला आधी वाट मिळते, हे मनाला लागते.

बेतीची फेरीबोट अजून आहे. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. आपल्यातल्या कितीजणींना गाडी चालवता येते? मोलकरीण, मासळीवाली, माहेरी निघालेली म्हातारी, या सर्वांचा पूल तोच आहे. म्हणून आपल्या मंडळाने अर्ज लिहिला आहे. फेऱ्या कमी करू नयेत, दोन्ही धक्क्यांवर बसायला बाकडी, डोक्यावर छप्पर आणि बायकांसाठी स्वच्छ संडास असावा, एवढेच मागणे आहे.

अर्ज कार्यवाहबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. चहा घेण्याआधी सही करावी. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याची शाई आणली आहे, आणि हात पुसायला फडकेही आहे.