‘आज नही, वारा शे’

साक्री तालुक्यातल्या बचत गटाच्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलतोय. विषय आहे रिमोटवर उडणाऱ्या यंत्रांचा. पोरांचं रिमोटचं विमान असो की पिकावर फवारणी करणारं ड्रोन, नव्याने शिकणारीला सांभाळायच्या गोष्टी पुष्कळशा सारख्याच आहेत.

२०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आणली. तिच्यात निवडलेल्या गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठरली. उरलेल्या रकमेसाठी कर्जाची सोय ठेवली. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण ठरलं. त्यातले ५ दिवस उडवण्याचे आणि १० दिवस शेतीकामाचे. परवान्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी पास असावं लागतं. रिमोट एकीच्या हातात असतो, पण हप्ता सगळ्या जणींचा असतो. म्हणून यंत्र पडलं तर ते एकटीचं पडत नाही.

आता शिकताना काय सांभाळायचं ते ऐका.

पहिलं, डावं-उजवं. यंत्राची पाठ आपल्याकडे असते तोवर दांडी उजवीकडे केली की ते आपल्या उजवीकडे जातं. त्याचं तोंड आपल्याकडे वळलं की सगळं उलटं होतं. बैलजोडी समोरून येते तेव्हा उजवा बैल आपल्या डाव्या हाताला दिसतो, तसंच हे. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो. म्हणून आधी संगणकावर सराव करा, मग मोकळ्या पडीक रानात. सुरुवातीला यंत्राची पाठ आपल्याकडेच ठेवा. ड्रोन हवेत एका जागी थांबतं, विमान थांबत नाही. वेग कमी झाला की ते खाली येतं. म्हणून विमान सोडताना आणि उतरवताना त्याचं तोंड वारा जिकडून येतो तिकडे ठेवायचं.

दुसरं, सुरू-बंद करण्याचा क्रम. आधी रिमोट सुरू, मग यंत्राची बॅटरी जोडायची. उतरल्यावर आधी यंत्राची बॅटरी काढायची, रिमोट शेवटी बंद. यंत्र जागं आणि रिमोट झोपलेला, असं कधी होऊ द्यायचं नाही.

तिसरं, बॅटरी. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. चुलीजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ तर ठेवायचीच नाही. ही बॅटरी पेटली तर पटकन विझत नाही.

चौथं, माणसं. ड्रोन आलं की अर्धं गाव बांधावर जमतं. फिरतं पातं बोट कापतं, म्हणून पाती पूर्ण थांबल्याशिवाय कुणीही जवळ जायचं नाही. पदर खोचलेला हवा आणि कापूस वेचताना घालतो तसा वरून शर्ट. उडवणारीची नजर यंत्रावर असते, म्हणून दुसरी बाई फक्त पोरं, गुरं, झाडं आणि विजेच्या तारा बघायला उभी करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी फवारणीच्या कामाला यायचं नाही.

पाचवं आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे वारा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आपल्याकडे वारा आहे म्हणूनच त्या आल्या. त्याच वाऱ्याने ड्रोन भरकटतं आणि औषध दुसऱ्याच्या चाऱ्यावर, विहिरीवर, मधमाश्यांवर जातं. पवनचक्क्या आणि उच्च दाबाच्या तारा यांच्यापासून यंत्र लांबच ठेवायचं. फवारणी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करायची.

मैत्रिणींनो, दांड्या फिरवणं थोड्या दिवसांत जमतं. जड जातं ते ‘नाही’ म्हणणं. शेतमालक म्हणतो, “औषध कालवून ठेवलंय, आता वाया घालवू का?” कुणी म्हणतं, “बाई घाबरली.” कधी गटातलीच म्हणते, “हप्ता जवळ आलाय, उरकून घे.” एकटी बाई या तिघांपुढे किती वेळ टिकणार?

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत ठराव करून वहीत लिहून ठेवलाय. वारा बघितल्याशिवाय औषध कालवायचं नाही, आणि हे मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं. रिमोट जिच्या हातात, तिचा शब्द शेवटचा. तिच्यावर अध्यक्षबाईंचाही शब्द चालणार नाही. आणि वाऱ्यामुळे काम बुडालं तर तो तोटा गटाचा, तिच्या मजुरीतून कापायचा नाही.

या तिसऱ्या ओळीवर बैठकीत बराच वाद झाला. पण तीच ओळ नसती तर पहिल्या दोन वहीतच राहिल्या असत्या. मजुरी बुडणार असेल तर वाऱ्यातही बाई यंत्र उडवतेच.

तुमच्या गटात ड्रोन येणार असेल, तर ते येण्याआधी एक बैठक घ्या आणि असा ठराव करा. मग तुमच्यातली एखादी बांधावर सरळ उभी राहून सांगू शकेल, “आज नही, वारा शे.” आणि तिच्या मागे अख्खा गट उभा असेल.