जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

श्रोतेहो, जबलपूरचे सदर म्हणजे छावणीच्या आधाराने वाढलेला बाजार. ज्या शहराचा हा बाजार, त्या शहराला दुरुस्तीचे वेड जुनेच आहे. १९०४ साली येथे तोफांचे गाडे तयार करणारा कारखाना निघाला आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा. आठवडाभर कारखान्यात पाना फिरवणारा माणूस रविवारी घरी स्वस्थ कसा बसेल? तो पंखा उघडी, रेडिओ उघडी, शिवणयंत्राला तेल घाली. त्याच्या मुलानातवंडांनी पुढे संगणक उघडला, यात नवल ते काय? वस्तू बिघडली की ती टाकण्याआधी एकदा तरी उघडून पाहावी, हा या गावचा अलिखित नियम आहे आणि आज मी त्याच नियमाची बाजू मांडणार आहे.

आजच मांडण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहा या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य संपले. तिच्या पुढची आवृत्ती टीपीएम नावाची सुरक्षेची विशिष्ट सोय असल्याशिवाय जुन्या यंत्रावर चढत नाही. त्यामुळे घरोघरचे चांगले चालते संगणक एका तारखेने ‘म्हातारे’ ठरले. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. मुले म्हणतात, कबाड्याला द्या. मी म्हणतो, थोडे थांबा. यंत्र म्हातारे झाले असेल, पण त्याच्या पोटात काय आहे हे तुम्ही पाहिले आहे का?

मी पाहिले नव्हते, म्हणून ही हकीकत सांगतो. माझे वडील जबलपूरला नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घराण्यातले. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्या काळी इकडून तिकडे बदली होणे म्हणजे परमुलखात जाणे नव्हते. पुढे राज्ये निराळी झाली, पण माणसे जेथे होती तेथेच राहिली. घरात मराठी आणि दारात हिंदी, अशा रीतीने तीन पिढ्या गेल्या. निवृत्तीनंतर वडिलांनी या साऱ्या आठवणी संगणकावर लिहावयास घेतल्या. ते गेले, संगणक माळ्यावर गेला. दहा वर्षांनी खाली काढला, तेव्हा कळ दाबताच नुसते ‘बीप, बीप’ ओरडू लागला. पडद्यावर काही दिसेना. एका दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निदान केले, “मदरबोर्ड गया. कबाड़ में दे दीजिए.”

श्रोतेहो, संगणकाची ही ‘बीप’ म्हणजे रडणे नव्हे, ती तक्रार आहे आणि ती नेमकी असते. पुष्कळ यंत्रांत वारंवार होणारी बीप सांगते की, रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नाही किंवा तिच्या सोनेरी टोकांवर काट चढला आहे. इलाज सोपा आहे. प्रथम वीजजोडणी काढावी आणि चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग धातूच्या सांगाड्याला हात लावून आपल्या अंगची स्थिरविद्युत उतरवावी. पट्टी कडेने धरून काढावी आणि तिची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावीत. आपल्याकडे शाळकरी खोडरबर घासण्याची चाल आहे. तिने काम होते, परंतु सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांच्या खटक्यांचा आवाज आला पाहिजे. माझ्या यंत्राला एवढेच औषध लागले.

यंत्र उठले, पण तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दाखवू लागले. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव आणि ३ व्होल्ट हा त्याचा दाब. संगणक बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की यंत्राला आजचा दिवस आठवत नाही. अशा यंत्रावरून इंटरनेट उघडावयास जावे, तर ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ असे इशारे येतात, कारण सुरक्षेच्या दाखल्यांना मुदत असते आणि ती चुकीच्या तारखेशी जुळत नाही. माणसे विषाणूच्या शंकेने घाबरतात. खरा दोष त्या एवढ्याशा सेलचा असतो.

जबलपूरचा उन्हाळा आणि धूळ हे संगणकाचे दोन शत्रू. पारा चाळिशीपार गेला की आतला पंखा गरम हवाच आत ओढतो. त्यात त्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पन्हळींत धुळीचा थर बसला असेल, तर यंत्र तापून आपोआप बंद पडते. उन्हाळ्यापूर्वी एकदा मऊ कुंचल्याने ही धूळ काढावी. फुंकणीने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते बेफाम फिरून आस खराब होतो. एक पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. ती एसएमपीएसची. वीज काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटर भार धरून राहतात आणि जिवावर बेतू शकते. धाडस आणि दुःसाहस यांतला फरक येथे ओळखावा.

यानंतरचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. आधी प्रत, मग प्रयोग. जुनी हार्ड डिस्क दहा वर्षांनी फिरू लागली, ही तिची शेवटची फेरीही असू शकते. म्हणून यंत्र चालू होताच दुसरे काहीही न करता मी कागदपत्रांची प्रत काढली. जाणकार सांगतात, महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. केवळ पेनड्राइव्हवर विसंबू नये. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास त्याच्यातील विद्युत्भार हळूहळू ओसरू शकतो.

प्रत नव्या संगणकावर उघडली मात्र, आणि पाहतो तो काय! जुन्या पडद्यावर ‘मराठी’ हा शब्द स्वच्छ दिसत होता. नव्यावर त्याच जागी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे उभी होती. मजकूर बिघडला नव्हता. वडिलांनी मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत रूढ असलेल्या कृतिदेव या टंकात लिहिले होते. या जातीचे टंक म्हणजे एक प्रकारचे सोंग. यंत्राच्या स्मृतीत रोमन अक्षरेच साठतात, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. ईला ‘म’चा, जेला ‘र’चा. टंक नसला की मुखवटा गळून पडतो. तोच टंक नव्या यंत्रावर घालता आला असता, पण मग तो मजकूर शोधता आला नसता आणि पुण्याच्या भावाच्या फोनवर पुन्हा रोमन अक्षरेच दिसली असती.

यावर उपाय युनिकोडचा. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत त्यात देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. ‘अ’वर चंद्र असलेला आपला ‘ॲ’ मात्र २००८ साली आला. मजकूर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेणारा छोटा प्रोग्रॅम मी स्वतःच लिहावयास घेतला. अक्षराला अक्षर बदलावयाचे, त्यात अवघड ते काय, असे वाटले होते. पण कृतिदेवात ‘ख’ हे एक अक्षर नाही. अर्धा ‘ख’ आणि पुढे काना, असे ते दोन तुकडे आहेत. काना आधी बदलला की सगळे ‘ख’ मोडतात. म्हणून लांब जोड्या आधी आणि सुटी अक्षरे मागाहून, हा क्रम पाळावा लागतो. दुसरे असे की, ‘किती’ लिहिताना तेथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, जशी आपण हाताने काढतो तशी. युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या मागून येते. ‘धर्म’मधला रफार तेथे ‘म’नंतर, तर युनिकोडात ‘म’च्या आधी. चार संध्याकाळी खर्ची पडल्या, पण अखेर पाने वाचता येऊ लागली.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या चौदा पानांत कोठेही ‘ळ’ नव्हता. ‘शाला’, ‘डोला’, ‘आभाल’. वडील जन्मभर हिंदी टंकलेखन करीत आलेले. तो ‘ळ’ कोणत्या कळीखाली दडला आहे, हे त्यांना ठाऊक नसावे. पंधराव्या पानावर तो एकदम सापडला आहे आणि त्या पानावर गरज नसतानाही एक ओळभर ‘ळळळळळ’ टंकलेले आहे. सत्तरीच्या माणसाला झालेला आनंद तेथे जसाच्या तसा राहिला आहे.

प्रोग्रॅमला सांगून त्या चौदा पानांतले ‘ल’ बदलता येतील का? नाही. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मूल’ आणि ‘मूळ’ हे सगळे खरे शब्द आहेत. ‘तो वेल गेला’ म्हणजे दारातला वेल वाळला, की सरळ लिहिताना वेळ निघून गेली आणि व्याकरण चुकले, हे यंत्राने कसे ठरवावे? ते वाचणाऱ्यानेच ठरवले पाहिजे. मी एकेक ओळ वाचत गेलो. वडील हयात असताना त्यांच्यापाशी बसून या गोष्टी मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या ‘ळ’च्या निमित्ताने ऐकल्या. दुरुस्त प्रत भावाला धाडली. मूळ प्रत, चौदा पानांच्या चुकांसह, तशीच ठेवली आहे. पंधराव्या पानावरची ती ओळ दोन्ही प्रतींत आहे.

आता मी इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहितो. ही मांडणी १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि आज बहुतेक सर्व संगणकांत ती आयतीच असते. तिच्यात ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत. शिफ्ट दाबली की ‘ल’चा ‘ळ’ होतो. वडिलांना हे कोणी दाखवले असते, तर ती चौदा पाने वाचली असती.

तेव्हा ज्यांचे संगणक नुकतेच म्हातारे ठरले, त्यांना माझे एवढेच सांगणे. यंत्र दहा वर्षांचे असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची वाट पाहणे थांबते आणि यंत्राला हुशारी येते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा रचला, ते लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. मूळ डिस्कला धक्का न लावता ते पारखता येते आणि मराठीही लिहिता येते. नाहीच जमले, तर यंत्र खुशाल मोडीत द्या, रीतसर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मात्र देण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसा आणि आत कोणाचे काय राहिले आहे, ते पाहून घ्या.